शाळेची शाकारणी

वैशाख सरत आला की आपल्या गावातील प्रत्येक कौलारू घरावर माणूस चढतो. फुटकी कौले उतरवितो, सरकलेली बसवितो, पन्हळीत साचलेला पाला उपसतो, कुजलेली रीप बदलतो आणि आढ्यावरील कोन्यांवरून चुन्याचा हात फिरवून खाली येतो. या कामास आपल्याकडे शाकारणी म्हणतात. तिच्यासाठी कोणाचा ठराव लागत नाही, निविदा निघत नाही, नारळ फुटत नाही आणि कोनशिलाही बसत नाही. ज्या घरी दोन वेळची भ्रांत आहे त्या घरीही उसनवारी करून हे काम उरकले जाते. कारण शाकारणी चुकलेल्या घरात आषाढ कसा काढावा लागतो, हे त्या घरच्या म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सर्वांस ठाऊक असते. साऱ्या पेठेत एकच छप्पर असे उरते की, ज्यावर वर्षानुवर्षे कोणी चढत नाही. ते छप्पर त्या पेठेतील सरकारी शाळेचे होय.

गेल्या आषाढात आम्ही शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्तीतील अशाच एका मराठी प्राथमिक शाळेत गेलो होतो. शाळेचे नाव येथे देत नाही आणि ते देण्याची गरजही नाही. ज्याने त्याने आपल्या गल्लीतील शाळेचे नाव त्या जागी घालून वाचावे. वर्णनात फारसा फरक पडणार नाही. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. राज्ये दोन असली तरी त्या काळची शाळा बांधण्याची रीत मात्र एकच होती. उंच जोते, दीड हात जाडीच्या भिंती, समोर लांब पडवी, वर मंगळोरी कौले आणि खाली शहाबादी फरशी. ज्यांनी ही शाळा बांधली त्यांना मुलांची आणि पावसाची, दोघांचीही ओळख होती असे ती इमारत पाहून अजूनही वाटते.

आता त्या शाळेची आजची अवस्था. खोल्या पाच. त्यांपैकी एक कुलूपबंद, कारण तिची तुळई वाळवीने पोखरली आहे. दोन खोल्यांवरची कौले केव्हातरी उतरवून तेथे पत्रे घातलेले. उरलेल्या दोन खोल्या कौलारू, पण प्रत्येकीत निम्मी फरशी ओली आणि मधोमध एक बादली. पट ऐंशीच्या आसपास. मुले बहुतेक यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, हमालांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची. आम्ही गेलो त्या वेळी पावसाची सर आली आणि पत्र्याखालच्या खोलीत असा गजर सुरू झाला की, समोर उभ्या असलेल्या बाईंचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. थोड्या वेळाने त्यांनी हाताने खूण केली आणि मुले मोठ्याने पाढे म्हणू लागली. सर ओसरल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘काय करणार साहेब, पाऊस लागला की आम्ही पाढेच घेतो. शिकवलेलं ऐकू येत नाही, पण पाढे मुलं आपली आपण म्हणतात.’’ त्या वर्गाचे पाढे उत्तम होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

शाळेच्या मागे स्वच्छतागृह आहे. ते नवे आहे, फरशांचे आहे, आणि त्याला कुलूप आहे. नळाला पाणी दोन-चार दिवसांनी येते, बोअरवेलची मोटार जळालेली, आणि पाण्यावाचून उघडे ठेवले तर ते दोन दिवसांत वापरण्याजोगे राहत नाही. किल्ली बाईंच्या टेबलाच्या खणात. लहान मुले आवाराच्या कडेला जातात. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात, आणि पावसाळ्यात त्यांपैकी काही मधल्या सुट्टीनंतर परत येत नाहीत. हजेरीपटावर त्या दिवसभर हजर असतात, कारण हजेरी सकाळी घेतली जाते.

अशा शाळेचे काय करावे, याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, ही मोडकी इमारत पाडून टाका आणि काँक्रीटची नवी, दोन मजली, रंगीत शाळा उभारा. दुसरे असे की, पट कमी आहे, तेव्हा शाळा बंद करून मुले शेजारच्या शाळेत पाठवा. पहिले उत्तर निवडणुकीच्या आधी दिले जाते आणि दुसरे नंतर. आमच्या मते बहुतेक ठिकाणी ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. शाळा जुनी झाली म्हणून मोडलेली नाही, तिची शाकारणी झाली नाही म्हणून ती मोडली आहे. आणि ज्या कारणाने ती मोडली ते कारण तसेच ठेवून तिच्या जागी राजवाडा बांधला, तरी तोही वीस वर्षांत याच अवस्थेस येईल.

येथे एक आक्षेप उघड आहे आणि तो गंभीर आहे. मुलांच्या जिवाशी खेळ नको. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छप्पर कोसळून सात मुले दगावली. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले जळून मेली. त्या घटनेतून निघालेल्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे असे म्हटले. आपल्या जिल्ह्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या अतिवृष्टीत किती शाळांच्या भिंती खचल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा जी इमारत पडण्याच्या बेतात आहे ती पाडावी, आणि ती पाडली जाईपर्यंत तिच्या सावलीतही मुलाला उभे करू नये. याविषयी आमचे दुमत नाही.

परंतु कोणती इमारत पडण्याच्या बेतात आहे, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? ज्याने खोलीत पाऊल न टाकता दारातूनच शेरा मारला त्याच्या अहवालावरून? वाळवीने एक तुळई खाल्ली म्हणजे इमारत गेली असे नव्हे. तुळईला हातोडीने ठोकून पाहावे लागते, भिंतीला ओळंबा लावून पाहावा लागतो. भेग नवी की जुनी, वाढती की थांबलेली, हे तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून दोन-चार महिने पाहावे लागते. भेग वाढत असेल तर पट्टी तडकते. ही परीक्षा अनुभवी स्थापत्य अभियंता करू शकतो, आणि जुन्या बांधणीचा जाणता गवंडी व सुतार बरोबर असतील तर अधिक चांगली करू शकतो. ती केल्याशिवाय पाडण्याचा हुकूम देणे जितके बेजबाबदारपणाचे, तितकेच ती केल्याशिवाय मुलांना आत बसविणेही बेजबाबदारपणाचे. पिपलोदीचा धडा परीक्षेविषयीचा आहे. सरसकट पाडापाडीचे समर्थन त्यातून निघत नाही.

आम्ही गेलो होतो त्या शाळेशेजारी राहणारे एक वृद्ध गवंडी आमच्याबरोबर आत आले होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण त्याच शाळेत चौथीपर्यंत झालेले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी हाताने गिलावा चाचपला आणि नखाने एक पापुद्रा उचलला. आत पांढरी पूड. ‘‘लोणा लागला,’’ ते म्हणाले, ‘‘पण भिंतीचा दोष नाही. तिला सिमेंटचा अंगरखा घातला, त्याचा हा दोष.’’ त्यांचे म्हणणे आम्ही नंतर जाणत्यांकडून पडताळून घेतले. ते शब्दशः खरे आहे.

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. जमिनीतील ओल अशा भिंतीत थोडी चढतेच, परंतु चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ती बाहेर पडून वाळून जाते. भिंत ओल घेते आणि ओल सोडते. हा तिचा श्वास. खालचा हातभर गिलावा गळून पडला की आपण तेथे सिमेंट थापतो, कारण ते स्वस्त आहे, झटपट वाळते, आणि ठेकेदाराला दुसरे काही ठाऊक नसते. सिमेंटने भिंतीचे तोंड बंद होते. ओल बाहेर पडू शकत नाही म्हणून ती वर चढते; क्षार सिमेंटच्या मागे साचतात, फुगतात आणि गिलावा विटेच्या पापुद्र्यासकट खाली येतो. मग त्याच्याही वर आणखी सिमेंट. बळ्ळारी नाल्याच्या आजूबाजूची जमीन मुळातच ओलसर, तेव्हा ही कथा आपल्या दक्षिण भागात घरोघर घडते. उपाय सोपा आहे. सिमेंट खरवडून काढायचे, भिंत एक उन्हाळा मोकळी ठेवून वाळू द्यायची, आणि चुन्याचा गिलावा करायचा. अडचण एकच: चुना मळणारे आणि चुन्याचा हात असणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत. जे आहेत ते साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या हाताखाली चार तरुण देऊन एका शाळेची भिंत करून घेतली, तर शाळाही दुरुस्त होईल आणि ते चार तरुण पुढच्या दहा शाळांच्या उपयोगी पडतील.

छपराची गोष्ट याहून सोपी. आपल्याकडची चपटी कौले ज्या मंगळुरी धर्तीची, तिचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढला. पुढे तो धंदा सर्वत्र पसरला आणि आपल्या शेजारच्या खानापूरची माती कौलांसाठी नावाजली. फुटलेले एक कौल बदलण्यास एक माणूस आणि एक शिडी पुरते. पत्र्याला भोक पडले तर सारा पत्रा उतरवावा लागतो. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते. पत्र्याखाली चैत्रात मुलांच्या अंगाची काहिली होते. त्यातही जेथे सिमेंटचे जुने पत्रे आहेत तेथे बहुधा अॅस्बेस्टॉस आहे, आणि त्याची धूळ श्वासावाटे जाऊन कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने निःसंशय ठरविले आहे. असे पत्रे मुलांच्या देखत फोडून काढू नयेत. सुट्टीत, ओले करून, अखंड उतरवावेत. एवढी एक सूचना येथेच करून ठेवतो, कारण उत्साहाच्या भरात श्रमदानाला निघालेली मंडळी नेमके हेच काम आधी हाती घेतात.

कौले परत घालताना प्रत्येक खोलीवर चार-पाच काचेची कौले बसवावीत. त्यांनी होणारा उजेड फुकट असतो. दिवे लागतीलच, तर साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका प्रकाश नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो, आणि पाऊणशे वॅट खाणाऱ्या पंख्याचे काम नव्या धर्तीचा पंखा तीसएक वॅटमध्ये करतो. विजेच्या बिलावरच हातातले पैसे संपणाऱ्या शाळेला ही बचत थोडी नव्हे.

आणि पाणी. आपल्या गावात वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते, हा हिशेब चौथीतला मुलगा करू शकतो. शाळेचे छप्पर पडवीसह ३०० चौरस मीटर धरले, तर वर्षाला ३ लाख ६० हजार लिटर पाणी त्यावर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २ लाख ८८ हजार लिटर उरते. ते आज गटारात जाते. ऐंशी मुलांना स्वच्छतागृहासाठी आणि हात धुण्यासाठी माणशी दहा लिटर म्हणजे रोज ८०० लिटर लागतील. २० हजार लिटरची एक टाकी भरली की पंचवीस शाळेचे दिवस निघतात, आणि पावसाळ्यात ती पुनःपुन्हा भरते. उरलेले पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून आवारातील विहिरीत किंवा बोअरवेलच्या शेजारी खड्ड्यात सोडावे म्हणजे उन्हाळ्यात ते पुन्हा हाती लागण्याचा संभव वाढतो. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आपल्या गावाने जपली आहे, आणि पाणीटंचाईच्या काळात गावातील गाळाने भरलेल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्याचा अनुभवही आपणांस आहे. हे शहाणपण शाळेच्या आवारापर्यंत का पोहोचले नाही? कन्याशिक्षणावर भाषणे पुष्कळ झाली. पाचवीतल्या मुलीला मधल्या सुट्टीनंतर शाळेत थांबविण्याचे सामर्थ्य आज त्या भाषणांहून या एका टाकीत अधिक आहे.

या सगळ्यास हल्ली ‘शाश्वत’ नूतनीकरण असे भारदस्त नाव मिळाले आहे. नावाबद्दल आमची तक्रार नाही. सिमेंट सुमारे १४५० अंश उष्णतेत भाजावे लागते, चुन्याला नऊशेच्या आसपास पुरते. जगातील एकंदर कार्बन वायूच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे. उभी असलेली जाड भिंत पाडून तिचा मलबा नाल्याकाठी टाकणे आणि तिच्या जागी सिमेंट, लोखंड व वाळू आणून दुसरी भिंत घालणे म्हणजे निसर्गाचे दुहेरी नुकसान, हे आता शास्त्रज्ञ मोजमापाने सांगतात. आपल्या आजोबांनी ते मोजले नव्हते. परंतु जुन्या वाड्याची तुळई नव्या घराच्या माळ्याला वापरावी, जुनी कौले निवडून गोठ्यावर घालावीत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

मग हे होत का नाही? आळस, भ्रष्टाचार, उदासीनता ही नेहमीची उत्तरे आहेत आणि ती काही अंशी खरीही आहेत. परंतु आमच्या मते मूळ दोष हिशेबाच्या वहीत आहे. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या चौकटीप्रमाणे, शंभरपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला एकत्रित शाळा अनुदान म्हणून वर्षाला जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात. शंभराहून अधिक आणि अडीचशेपर्यंत पट असेल तर ५० हजार. पंचवीस हजार म्हणजे महिन्याला दोन हजार रुपयांच्या वर थोडे. त्यातच खडू, कागद, वीज, झाडू, फिनेल, मोडलेले उपकरण, आणि त्यातच इमारतीची निगा. त्यातून शाकारणी कोणी कशी करावी? बरे, ही रक्कम पटावर अवलंबून. शाळा गळू लागली की ज्यांना ऐपत आहे ते पालक मुले काढून दुसरीकडे घालतात. पट उतरतो, पटाबरोबर अनुदान उतरते, अनुदान उतरल्यावर निगा सुटते आणि शाळा आणखी गळते. पट निम्मा झाला म्हणून छप्पर काही निम्मे होत नाही! पाऊस तर पट पाहून पडत नाहीच. इमारतीच्या निगेची रक्कम मुलांच्या डोक्यांवर न ठरविता छपराच्या क्षेत्रफळावर ठरवावी, ही मागणी आम्ही येथे मांडीत आहोत. ती साधी आहे, आणि आजवर ती ज्या जोराने व्हावयास हवी होती तशी झालेली नाही.

नव्या बांधकामाला मात्र पैसा निघतो. त्याला उद्घाटन असते, कोनशिला असते, छायाचित्र असते. शाकारणी करणाऱ्याचे नाव कोणी दगडावर कोरीत नाही. आणि काँक्रीटच्या स्लॅबला निगा लागत नाही, हा तर निव्वळ भ्रम आहे. गच्चीवरच्या पन्हळी तुंबल्या, पाणी साचले, आतले लोखंड गंजले की स्लॅबचे पोपडे मुलांच्या डोक्यावर पडतात. गळके कौल निदान पाण्याचा थेंब तरी टाकते.

बाहेरची उदाहरणे पाहणे उपयोगाचे असते. केरळात कोझिकोडे शहरातील नडक्काव येथे मुलींची मोठी सरकारी शाळा आहे. इतर सरकारी शाळांसारखीच तिची अवस्था झाली होती. तेथील आमदारांनी ‘प्रिझम’ नावाची योजना हाती घेतली, एका खासगी प्रतिष्ठानाने मोठी रक्कम दिली, आणि २०१३ साली त्या शाळेचा कायापालट झाला. पुढे २०१७ मध्ये केरळ सरकारने सार्वजनिक शिक्षण संरक्षणाची मोहीमच सुरू केली, आणि त्यानंतर काही वर्षे तेथील सरकारी व अनुदानित शाळांचा घसरता पट पुन्हा चढला. नडक्काववरून आपल्याला एखादा दानशूर मिळाला तर आपलेही होईल, असा अर्थ कोणी काढू नये. दानशूराची वाट पाहणारी शाळा गळतच राहते. शिवाय शाळेची इमारत पुरविणे हे शिक्षणहक्क कायद्याने सरकारचे कर्तव्य आहे, ते देणगीदाराच्या गळ्यात घालून सरकारला मोकळे करणे आम्हांस मान्य नाही. घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. तेथे एका शाळेसाठी लोकप्रतिनिधी, शिक्षक, पालक आणि तज्ज्ञ एका आराखड्यावर एकत्र आले आणि काम संपेपर्यंत एकत्र राहिले. आपल्याकडे एकत्र येणे पुष्कळ वेळा होते. एकत्र राहण्याचा प्रश्न आहे.

‘पटच नाही तर दुरुस्ती कोणासाठी?’ असे विचारणारेही आहेत, आणि त्यांत आपल्यातील शिकलेले लोक अधिक आहेत हे खेदाने म्हणावे लागते. मराठी शाळेच्या नावाने सभेत टाळ्या घेणाऱ्यांची स्वतःची नातवंडे कोणत्या शाळेत जातात, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही; त्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. आमचे म्हणणे त्या ऐंशी मुलांपुरते आहे. त्यांचे आईबाप फी भरू शकत नाहीत. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे केंद्राचे नमुना नियम सांगतात, ते याच मुलांसाठी. ही शाळा बंद करून सहा वर्षांच्या मुलीला ट्रक व बसगाड्यांच्या हमरस्त्यापलीकडील शाळेत पाठविले तर कागदावर विलीनीकरण होईल. प्रत्यक्षात ती मुलगी घरी राहून धाकट्या भावाला सांभाळील. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. त्या राजांनी मुलांनी शाळेत यावे म्हणून सक्ती केली; मुले दारात उभी असताना छप्पर नाही म्हणून त्यांना परत पाठविण्याची पाळी आपल्यावर यावी काय?

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमान्वये प्रत्येक सरकारी शाळेत समिती असावी लागते, तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे तिला शाळा सुधारणा समिती म्हणतात. २२ व्या कलमान्वये या समितीने शाळेचा विकास आराखडा करावयाचा असतो, आणि त्या आराखड्याच्या आधारावर सरकारने अनुदान व तरतूद करावयाची असते. कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अडथळ्याविना प्रवेश हे सारे नमूद आहे. आम्ही पाहिलेली इमारत फार तर दोन ऋतूंत वापरता येते. त्या शाळेच्या दप्तरात असा आराखडा आहे का, असे आम्ही विचारले तेव्हा एक छापील तक्ता बाहेर आला. त्यात ‘दुरुस्तीची गरज’ या रकान्यापुढे ‘होय’ एवढाच शब्द होता. कोणती दुरुस्ती, किती कौले, कोणती तुळई, टाकी कोठे, खर्च किती, काहीही नाही. ‘होय’ या शब्दावर कोणते सरकार पैसे देईल? समितीतील बाया मागावरून उठून बैठकीला येतात आणि सही करून परत जातात. त्यांना कोणी तो तक्ता वाचून दाखविला नव्हता.

म्हणून हा आराखडा पेठेनेच भरून दिला पाहिजे. गल्लीतील गवंडी, सुतार, नळजोडणी करणारा आणि एखादा अभियंता, जो बहुधा त्याच शाळेत शिकलेला असतो, अशा चौघांनी एक रविवार शाळेत घालवावा. कौले मोजावीत, तुळया ठोकाव्यात, भिंतीवर ओल कोठवर चढली ती खडूने आखावी, छपराचे माप घ्यावे. कामाचा क्रमही त्यांनीच लिहावा: आधी छप्पर, मग पन्हळ आणि टाकी, मग स्वच्छतागृहाचे पाणी, मग भिंती, आणि रंग सर्वांत शेवटी. आज नेमके उलटे होते. गळक्या छपराखालच्या ओल्या भिंतीवर रेल्वेच्या डब्याचे चित्र काढून शाळा सुधारली असे जाहीर केले जाते. गणेशोत्सव मंडळांनी या रविवारचा चहा आणि शिडी द्यावी, आणि जमल्यास कौलेही. मोठा खर्च सरकारचा. त्याचा पाठपुरावा समितीने लेखी करावा.

हा लेख आम्ही आषाढात न लिहिता पौषात लिहीत आहोत, त्याचे कारण आहे. पावसात केलेल्या अर्जाला पाऊस संपल्यावर उत्तर येते. अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांत तीन महिने जातात. मार्चअखेर रक्कम खर्ची पडली नाही तर ती परत जाते. आणि आपल्याकडे शाळा मेच्या अखेरीस उघडतात, तेव्हा वळवाचे ढग आलेले असतात. छपरावर माणूस चढावयाचा असेल तर तो एप्रिल-मेच्या सुट्टीत चढला पाहिजे, आणि त्यासाठी अर्ज या महिन्यातच गेला पाहिजे. अर्जाचा आणि आराखड्याचा नमुना आमच्या कचेरीत मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार ठेवला आहे. ज्या शाळेच्या समितीला तो हवा असेल तिने येऊन न्यावा. आम्ही वर्णिलेल्या शाळेच्या बाई परवाच येऊन एक प्रत घेऊन गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या समितीच्या दोन सभासद बायांनी तो आमच्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतला.